शिंगं नव्हे, दाणे बघा

  मागच्या वेळी आपण सोयाबीनच्या बियाण्याची उगवण घरी कशी तपासायची ते बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आपण खलनायकाबद्दल बोलू. म्हणजे सिनेमातल्या वाईट माणसाबद्दल, आणि त्यातही लेकरं जी कार्टून बघतात त्यातल्या राक्षसाबद्दल. 'हा काय बायांचा विषय आहे का,' असं एखादी म्हणेल. शेवटपर्यंत ऐका, मग सांगा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मारुतीच्या पारासमोर पांढरी चादर बांधतो आणि लेकरांना सिनेमे दाखवतो. एका रात्री कार्टूनचा सिनेमा लावला. त्यात एक राक्षस होता. लाल डोळे, लांब दात, डोक्याला शिंगं, आणि हसला की डोंगर हलायचे. पहिल्यांदा आला तेव्हा लहानगी आयांच्या कुशीत शिरली. दुसऱ्यांदा आला तेव्हा हसायला लागली. तिसऱ्यांदा आला तोपर्यंत निम्मी लेकरं उठून पाणी प्यायला गेली होती.

दुसऱ्या रात्री मोठ्यांसाठी जुना मराठी सिनेमा लावला. त्यात निळू फुले होते. ना शिंगं, ना दात. पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, आणि आवाज इतका हळू की आम्हाला स्पीकर मोठा करावा लागला. पण चादरीसमोरच्या म्हाताऱ्या बाया बोटं मोडत होत्या. एक आजी तर त्याच्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "तुझ्या तोंडात माती पडो." पाणी प्यायला कोणी उठलं नाही.

तेव्हापासून आमच्या गटात हा प्रश्न घोळत राहिला. डोंगर हलवणाऱ्याची भीती कोणाला वाटली नाही, आणि हळू बोलणाऱ्याची सगळ्यांना वाटली. असं का?

आधी कार्टून बनतं कसं ते बघू. सिनेमा म्हणजे एकामागून एक भराभर सरकणारी चित्रं, एका सेकंदाला चोवीस. नटाचा सिनेमा असला की कॅमेरा ती चित्रं आपसूक टिपतो. कार्टूनमध्ये मात्र प्रत्येक हालचाल माणसाला घडवावी लागते, पूर्वी हाताने, आता संगणकावर. निळू फुले पडद्यावर आले की त्यांच्यासोबत त्यांचा थकवा येतो, श्वास येतो, बोलता बोलता नजर वळवण्याची लकब येते. त्यांनी तरुणपणी पुण्यात बागेत माळीकाम केलं होतं, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात कामं केली होती. माणसं कशी बोलतात, कशी दबतात, कशी दाबतात, हे त्यांनी जवळून बघितलेलं होतं. लिहिणाऱ्याने खलनायक अर्धवट लिहिला तरी असा नट तो भरून काढतो. कार्टूनला ही सोय नाही. चित्रकाराने जे काढलं तेवढंच तिथे असतं. त्याने फक्त शिंगं काढली तर फक्त शिंगंच असतात.

मग जुन्या काळात चित्रातले राक्षस लोकांना कसे पटायचे? यासाठी थोडं मागे जाऊ.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सांगतात. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकेक करून समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीने कथा गायची. तेच लोक कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळही करतात. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आता यात बघण्यासारखं काय, तर रावणाचं चित्र कागदावर गप्प असतं. ते हलत नाही, हसत नाही. पण समोर बसलेला कथेकरी त्याचा राग गातो, त्याचा गर्व गातो, मुलगा मेल्यावरचं त्याचं दुःखही गातो. ऐकणाऱ्यांनाही ती कथा लहानपणापासून ठाऊक असते. म्हणजे चित्र एकटं नसायचं. त्याच्या मागे गाणारा होता आणि पुढे जाणता श्रोता होता.

सिनेमा आला तेव्हाही सुरुवातीला हेच झालं. आपल्याकडे सिनेमाचा पाया घालणारे धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. मोठा सिनेमा करण्याआधी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाण्याच्या दाण्याची छोटी फिल्म केली. कुंडीत दाणा पेरला आणि तो उगवत असताना दिवसामागून दिवस थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर बघणाऱ्याला वाटायचं की दाण्यातून कोंब निघाला आणि बघता बघता रोप झालं. पुढे त्यांनी आगपेटीतल्या काड्या जराजरा सरकवून, दर वेळी एक चित्र घेऊन, 'आगकाड्यांची मौज' केली. आज लेकरं जे कार्टून बघतात त्याची ही आपल्याकडची पहिली मुळं. या सगळ्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई बरोबर होत्या. दागिने त्यांचे गेले, सिनेमाच्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला, आणि फिल्म धुण्यापासूनची कामंही त्या शिकल्या. हे नाव आपल्या गटांत घेतलं गेलं पाहिजे.

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्यातला हरिश्चंद्राला छळणारा कोण? राक्षस नाही, विश्वामित्र ऋषी. राजाकडून त्याच्या यज्ञात विघ्न आलं, त्याचा राग पेटला, आणि राजाने शब्द दिलाय म्हटल्यावर तो शब्द त्याने शेवटच्या दोरीपर्यंत वसूल केला. १९१९ मध्ये फाळक्यांनी 'कालिया मर्दन' केला. त्यात कृष्णाचं काम त्यांच्या लहान मुलीने, मंदाकिनीने केलं. कालिया म्हणजे यमुनेतला विषारी नाग. पण पुराणातली गोष्ट नीट आठवा. तो नाग यमुनेत आला होता गरुडाच्या भीतीने, जीव वाचवायला. आणि शेवटी त्याच्या बायका पदर पसरून कृष्णाकडे त्याच्यासाठी विनवणी करतात. म्हणजे सापालाही घर होतं, भीती होती. तो मुका सिनेमा होता, पण बघणाऱ्या बायकांना हे सगळं ठाऊक होतं. पडद्यावर जे नव्हतं ते त्या घरून घेऊन आल्या होत्या.

आमच्या पारावरच्या त्या शिंगवाल्या राक्षसाचं इथेच अडलं. तो नवीन होता. त्याची कथा कोणाच्या आजीने सांगितलेली नव्हती, आणि सिनेमावाल्यांनीही सांगितली नाही. तो का वाईट होता? राक्षस होता म्हणून. त्याला काय हवं होतं? सगळं जग. आता सगळं जग घेऊन तो करणार काय, हे त्यालाही माहीत नव्हतं. बांधावरून भांडणाऱ्या माणसाला निदान दीड हात जमीन हवी असते. दीड हात जमिनीची हाव आम्हाला कळते. सगळ्या जगाची हाव कळत नाही.

हे आपल्या बायांना शिकवायची गरज नाही, खरं तर. आपल्याकडे विदर्भात भादव्यापासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई बसवतात आणि गाणी म्हणतात. त्या गाण्यांत सासू भेटते. सून माहेरी जायला निघते. सासू तिला एकदाही 'नाही' म्हणत नाही. हे एवढं होऊ दे मग जा, म्हणते. ते झालं की पुढचं काम काढते, ते झालं की त्याच्या पुढचं. शेवटी तर सासऱ्याला विचार, दिराला विचार, अशी एकेकाकडे पाठवत राहते. ओरडणं नाही, मारणं नाही. आणि तरी प्रत्येक सुनेला ती सासू ओळखू येते. अडवणारा माणूस हा असा, गोड बोलून अडवतो. ही गाणी ज्या बायांनी रचली त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पण खलनायक कसा रचावा हे त्यांना मोठमोठ्या सिनेमावाल्यांपेक्षा जास्त कळत होतं.

शेतकऱ्यांनाही ते कळत होतं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, कर्जाने पिचलेले शेतकरी सावकारांवर चालून गेले. मग पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत गावोगावी हे लोण पसरलं. त्यांचा मुख्य रोख कशावर होता? सावकाराच्या घरातल्या खतांवर, म्हणजे कर्जाच्या कागदांवर. कागद मागायचे आणि जाळायचे. शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण आपल्याला बांधून ठेवणारी गोष्ट सावकाराच्या चेहऱ्यात नाही, त्या कागदात आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

या घटनेनंतर पन्नास वर्षांनी, १९२५ साली, कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांनी 'सावकारी पाश' हा मुका सिनेमा केला. कथा नारायण हरी आपटे यांची. शेतकऱ्याचं काम तरुण शांताराम यांनी केलं, जे पुढे व्ही. शांताराम म्हणून गाजले. शेतकऱ्याची जमीन सावकाराकडे जाते आणि तो मुंबईला गिरणीत मजुरीला जातो, अशी गोष्ट. देवादिकांचे सिनेमे बघायची सवय असलेल्या लोकांपुढे गावातलाच माणूस खलनायक म्हणून उभा राहिला. बाबुराव स्वतः चित्रकार होते, पडदे रंगवणारे. त्यांना राक्षस रंगवता आला नसता असं नाही. पण सिनेमाचं नावच बघा. त्यांनी माणसाचं नाव दिलं नाही, पाश म्हटलं. फास दाखवला.

याच वाटेवर पुढे १९७५ मध्ये 'सामना' आला. लिहिला विजय तेंडुलकरांनी, केला जब्बार पटेलांनी. त्यात निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील आहे. हा माणूस दारुड्या मास्तरला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, मान देतो. तो उपकार करतो, आणि आपल्याला त्या उपकाराचीच भीती वाटायला लागते. निळू फुले प्रत्यक्षात किती साधे आणि सज्जन होते हे सगळे सांगतात. २००९ साली ते गेले तेव्हा, पडद्यावर त्यांना शिव्या देणाऱ्या बायांच्या डोळ्यांतही पाणी आलं.

आता बायांनो, एक अवघड गोष्ट बोलू. चित्रकाराकडे राक्षसाची कथा नसली की तो काय करतो? रंग काळा करतो. पाठीला कुबड काढतो. एक डोळा बारीक करतो. म्हातारी असली तर नाक वाकडं करतो, केस पिंजारतो, की झाली चेटकीण. लेकराला एका झटक्यात कळावं हा वाईट, म्हणून हा जवळचा रस्ता. १९३७ मध्ये अमेरिकेत वॉल्ट डिस्नेने 'स्नो व्हाइट' हे त्याचं पहिलं मोठ्या लांबीचं कार्टून काढलं. त्यातली राणी आहे देखणी. पण फसवायला निघते तेव्हा ती म्हातारी होते, वाकते, नाकावर चामखीळ येते. ते रूप जगभर इतकं चाललं की आजही लेकराला चेटकीण काढायला सांगा, तेच नाक काढेल.

जवळच्या रस्त्याची किंमत कोण मोजतं? गावात एकटी राहणारी, वाकलेली, स्वतःशी बोलणारी म्हातारी असते ना, ती मोजते. रंगाने काळी म्हणून वर्गात मागच्या बाकावर बसणारी मुलगी मोजते. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमकी करणी करते, तमकीमुळे जनावराचं दूध आटतं, असा संशय पसरवणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. असा कायदा करावा लागला यावरूनच कळतं की चेहरा बघून दोषी ठरवायची सवय किती खोल गेली आहे.

सरकारनेही एकेकाळी हेच केलं होतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. त्याखाली ज्या जमातींची नोंद झाली, त्यांच्या घरी जन्मलेलं लेकरू पाळण्यातच गुन्हेगार. आपल्या भागातल्या पारधी समाजाने हा शिक्का पिढ्यान्‌पिढ्या सोसला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण नजरा अजून बदललेल्या नाहीत. म्हणून पुढे आम्ही एक जाळं टाकणाऱ्याची गोष्ट सांगणार आहोत, तिथे त्याला 'पारधी' म्हणणार नाही, 'शिकारी' म्हणू. शब्दानेही शिंगं काढता येतात.

चेहऱ्याने काही ठरत नाही याचा दाखला आपल्या ललिता पवारांनीच दिला आहे. १९४२ च्या सुमारास शूटिंगमध्ये बसलेल्या एका जोरदार थपडेने त्यांच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. नायिकेची कामं गेली. मग त्यांनी खाष्ट सासू आणि कपटी बायका केल्या, १९८७ च्या दूरदर्शनवरच्या रामायणात मंथरा केली. बाया म्हणायच्या, त्या डोळ्यातच कपट आहे. पण 'अनाडी' नावाच्या १९५९ च्या सिनेमात त्याच ललिता पवार प्रेमळ घरमालकीण झाल्या. डोळा तोच होता. त्याच डोळ्याने लोकांना रडवलं आणि त्यांना फिल्मफेअरचं बक्षीस मिळालं. मग कपट डोळ्यात कुठे होतं? ते त्यांच्या कामात होतं.

कार्टूनच्या इतिहासातही एका बाईने हे फार आधी दाखवून दिलंय. जर्मनीत लोटे रायनिगर नावाची बाई होती. ती काळा कागद कात्रीने कापून बाहुल्या करायची आणि मागून उजेड सोडून त्यांच्या सावल्यांचा सिनेमा करायची, आपल्या चामड्याच्या बाहुल्यांच्या जातीचा. १९२६ मध्ये तिने अरबी गोष्टींवरून 'राजपुत्र अहमद'चा सिनेमा केला. आज बघायला मिळणारा मोठ्या लांबीचा सगळ्यात जुना ॲनिमेशनपट तोच. सावल्यांचा खेळ म्हणजे राजपुत्र काळा, राजकन्या काळी, दुष्ट जादूगारही काळा. रंगाने वाईट दाखवायची सोयच नाही. मग तिने जादूगाराची बोटं कशी वळवळतात, तो कसा सरपटत येतो, कोणाला काय आमिष दाखवतो, यावरून तो ओळखू येईल असं केलं. तो राजपुत्राला एक उडता घोडा देतो. वर कसं जायचं ते दाखवतो, खाली कसं यायचं ते सांगतच नाही. बसा बघू आता.

हा उडता घोडा आम्हाला फार ओळखीचा वाटला. का ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवं.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एक माणूस यायला लागला. पैसे भरा, वर्षात दुप्पट घ्या, अशी त्याची योजना. कपडे साधे, बोलणं मऊ. म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. आम्हाला मावशी म्हणायचा. एकीच्या नातवाच्या बारशाला तर पेढे घेऊन आला. पहिल्या दोघींना त्याने वेळेच्या आधीच पैसे वाढवून परत दिले. मग काय, कोणी दोन हजार दिले, कोणी पाच. एकीने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली पोत मोडली. तिने नवऱ्याला विचारलं नव्हतं. आणि एका महिन्यात तो यायचा बंद झाला.

तक्रार लिहायला गेलो तेव्हा त्याचं वर्णन विचारलं. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. दिसायला कसा? चांगला. बोलायला? चांगला. वागायला? चांगला. वर्णनात लिहिण्यासारखी वाईट खूण एकही नव्हती. जिची पोत गेली होती ती हळूच म्हणाली, "वाईट दिसला असता तर दारात तरी उभा केला असता का?"

त्या वाक्यापाशी आमचा प्रश्न सुटला. पारावरचा राक्षस आम्हाला पटला नाही, कारण त्याच्याकडे पेढे नव्हते. त्याने कोणाला काही दिलंच नाही. काही न देता माणसं फसतात कशी?

आता ती जाळ्याची गोष्ट. १९७४ साली 'एक अनेक और एकता' नावाचं छोटंसं कार्टून तयार झालं. दूरदर्शनवर ते इतक्या वेळा लागलं की आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्या अनेकींना तोंडपाठ असेल. ते केलं विजया मुळे या मराठी बाईंनी. चित्रं भीमसैन यांची, संगीत आपल्या वसंत देसाईंचं. ताई धाकट्यांना 'अनेक' म्हणजे काय ते सांगते. पाखरं दाणे टिपायला उतरतात, जाळ्यात अडकतात, सगळी मिळून जाळ्यासकट उडतात आणि मित्र उंदीर जाळं कुरतडतात. गोष्ट मूळची पंचतंत्रातली.

आमच्या बैठकीत आम्ही विचारलं, त्यातला शिकारी कसा दिसत होता? कोणालाच नीट आठवेना. दाणे मात्र सगळ्यांना आठवत होते. जाळं आठवत होतं. विजयाबाईंनी शिकाऱ्याला दात दिले नाहीत, गर्जना दिली नाही. पण दाणे कुठे पडले, पाखरं का उतरली आणि जाळं कुठे होतं, हे काही मिनिटांत असं दाखवलं की पन्नास वर्षं झाली तरी ते मनातून जात नाही.

त्यानंतर वीसेक वर्षांनी युनिसेफसाठी राम मोहन या मुंबईच्या ॲनिमेशनकारांनी 'मीना' काढली. मीना, तिचा भाऊ राजू आणि मिठू पोपट. एका भागात आंब्याची वाटणी होते आणि मोठा वाटा राजूला जातो, कारण तो मुलगा. यात खलनायक कोण? घरात सगळी मायेची माणसं. आजीसुद्धा मायेचीच, पण मुलीला कमी द्यायचं हे तिच्या अंगवळणी पडलंय. मग एक दिवस बहीण-भाऊ कामांची अदलाबदल करतात आणि राजूला कळतं की मीना किती राबते. इथे तर माणूस खलनायक नाहीच, रीत खलनायक आहे. आणि ती मायेच्या हाताने वाढली जाते. आपल्यापैकी किती जणींनी तो लहान वाटा खाल्लाय, आणि पुढे किती जणींनी आपल्या मुलीला वाढलाय?

एका सिनेमावरून आमच्यात भांडणही झालं, तेही सांगतो. डिस्नेचा २०१३ चा 'फ्रोझन' आमच्यातल्या एकीच्या शहरात शिकणाऱ्या मुलीने दाखवला. त्यात राजकन्या ॲना हान्स नावाच्या राजपुत्राशी पहिल्याच भेटीत लग्न ठरवते. शेवटाकडे कळतं की त्याला राजकन्या नको, गादी हवी आहे. बारा मोठ्या भावांच्या पाठचा तो तेरावा, घरी त्याला काही मिळणार नव्हतं. तरुण मुली म्हणाल्या, हे खोटं वाटतं, इतका वेळ चांगला वागला आणि एकदम वाईट कसा झाला? पेरलं नाही ते उगवलं कसं? मोठ्या बाया म्हणाल्या, असंच असतं माय, लग्नाआधी सगळे हान्सच असतात. शेवटी आम्हाला दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या. ॲना फसली हे पटतं. पण ॲनाला दिसलं नाही तरी आपल्याला एखादा दाणा जाळ्याच्या धाग्यासकट दिसायला हवा होता. नाहीतर बघणारी त्यातून शिकणार काय? फक्त 'कोणावरच विश्वास ठेवू नका' एवढंच, आणि त्यावर ना घर चालतं ना गट.

उलट 'छोटा भीम'मधला कालिया बघा. २००८ पासून लेकरं त्याला बघतात. तो राक्षस नाही, ढोलकपूरचाच पोरगा. त्याला भीमाचं कौतुक सहन होत नाही आणि लाडू सोडवत नाहीत. लेकरांना तो खरा वाटतो, कारण ती जळफळ त्यांनी आपल्याच पोटात अनुभवलेली असते. त्याच भीमावर चालून येणारे मोठाले राक्षस मात्र ती विसरून जातात.

कोणी विचारेल, खलनायकाला कारण दिलं म्हणजे त्याला माफ केलं का? नाही. आपल्या परंपरेला हा फरक कळत होता. पाडव्याला आपण ओवाळतो तेव्हा 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' असं म्हणतो. बळी असुरांचा राजा, वामनाने पाताळात घातलेला. महात्मा फुल्यांनी तर १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्याला रयतेचा राजा म्हणून उभं केलं. आपल्याच विदर्भात, अकोला जिल्ह्यातल्या सांगोळा गावी रावणाची दगडी मूर्ती आहे आणि गावकरी तिची पूजा करतात. रावणाची विद्या, त्याची भक्ती ते मानतात. म्हणून सीतेला पळवलं ते बरं केलं, असं कोणी म्हणत नाही. कारण समजलं की माफी द्यावीच लागते असं नाही. पण कारण समजलं नाही तर पुढचा रावण ओळखता येत नाही. आणि तो साधूच्या वेशात, भिक्षेची झोळी घेऊन आला होता, हे आपल्याला ठाऊकच आहे.

आमच्या गटाने आता एक रीत ठेवली आहे. लेकरांसोबत कार्टून बघितलं की नंतर तिथेच बसून तीन गोष्टी विचारायच्या. याला नेमकं काय हवं होतं? याने कोणते दाणे टाकले? आणि आपण त्या जागी असतो तर उतरलो असतो का? तिसऱ्या प्रश्नाला लेकरं खरं उत्तर देतात. मोठ्यांना वेळ लागतो. मागच्या महिन्यात एका सातवीतल्या मुलीने या प्रश्नानंतर घरी आईला सांगितलं की गावातला एक ओळखीचा माणूस तिला रोज चॉकलेट देतो आणि कोणाला सांगू नको म्हणतो. तिची आई आमच्या गटात आहे. पुढे काय केलं ते इथे सांगणार नाही, कारण तो त्या लेकीचा विषय आहे. पण वेळेत केलं. बायांनो, तुमच्या कानावर असं काही आलं तर १०९८ हा लेकरांच्या मदतीचा फोन आहे, पैसे लागत नाहीत. पाटीवर, भिंतीवर लिहून ठेवा.

आणि जिची पोत गेली ती? पैसे अजून मिळाले नाहीत. ती गटाची हिशेबाची वही लिहिते आता. कोणी नवी योजना घेऊन आला की आम्ही त्याला तिच्याकडे पाठवतो. ती त्याला पाणी देते, बसायला सांगते, आणि विचारते, "दादा, यात तुमचा काय फायदा ते आधी सांगा."

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही हे बोलून बघा. तुम्हाला सगळ्यात खरा वाटलेला खलनायक कोणता, सिनेमातला, गाण्यातला की गोष्टीतला, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा त्यातली नावं वाचून दाखवू.